पाळणाघरासाठी काचेवर सेफ्टी फिल्म: घेण्यासारखी आहे, पण बघून घ्या

घरीच पाळणाघर आहे माझं, सांगलीत विश्रामबागला. दीड ते चार वर्षांची पोरं, आणि हॉलमधून बाल्कनीत जायला पार जमिनीपर्यंतचा काचेचा स्लायडिंग दरवाजा. घर भाड्याचं, काच साधी, म्हणजे फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होणारी. टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली, फुटली तर बारीक दाणे होणारी काच) असेल तर कोपऱ्यात बहुतेक वेळा छोटा शिक्का असतो, आमच्या एकाही काचेवर तो नव्हता. टफन्डचं कोटेशन काढलं होतं पण ती नंतर कापता येत नाही, आधी मापात कापून मग प्लांटला भाजून आणायची, जुनं बीडिंग (काचेच्या कडेची रबरी पट्टी) काढा, तोवर दरवाजा उघडा, त्यात मालक म्हणाले खर्च तुमचा तुम्ही बघा. म्हटलं राहू दे, सेफ्टी फिल्मच लावू, म्हणजे काच फुटली तरी तुकडे धरून ठेवणारा प्लास्टिकचा चिकट पापुद्रा.

फिल्म घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. पहिल्या दुकानदाराने (नाव नको) उन्हाची काळी फिल्मच सेफ्टी म्हणून गळ्यात मारायचं बघितलं. ‘ताई, सगळं एकच असतंय की ओ’ म्हणे. एकच कुठलं असतंय! उन्हाची साधारण दीड-दोन मिलची असते (मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग), सेफ्टीची चार मिल म्हणजे 100 मायक्रॉन, हातात धरली की जाडी कळते. शिवाय काळ्या फिल्मने काच जास्त तापते, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात साध्या काचेला तडा जायला तेवढंच निमित्त पुरतं. मी क्लिअर घेतली, माधवनगर रोडच्या एका काचवाल्याकडून.

बसवणारा पोरगा कामाला चांगला. काच आधी ब्लेडने खरवडली, रंगाचे जुने थेंब काढले, मग शाम्पूचं पाणी मारून फिल्म सरकवली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत नेलं. फॅन बंद करायला लावला तरी धुळीचे दोन-तीन कण आत राहिलेच, उजेडात दिसतात, त्याचं एवढं काही नाही. माझी तक्रार कोपऱ्याची. खालच्या बाजूला फिल्म बीडिंगच्या रबराच्या बोटभर आधीच संपवलेली आणि पोरांची नखं बरोब्बर तिथंच जातात. मिलिमीटरभर फट ठीक, बोटभर नाही. सांगितल्यावर त्यानं तो तुकडा बदलून दिला, कुरकुर केली नाही हे खरं. तरी पैसे द्यायच्या आधी जमिनीवर बसून पोरांच्या उंचीवरून एकदा सगळे कोपरे बघाच.

उपयोग झाला का, तर झाला. एका पठ्ठ्याने स्टीलचा डबा फेकून मारला, खालच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडे, पण तुकडा एक खाली पडला नाही, सगळं फिल्मला चिकटून जागेवर. पोरांना आतल्या खोलीत घेतलं, काचवाला आला आणि काचेचं अख्खं पान उचलून घेऊन गेला. म्हणजे बघा, फिल्मने काच काही मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे धरून ठेवते एवढंच तिचं काम, आणि काच गेली की फिल्मही गेली, दोन्हीला पुन्हा पैसे घाला. काच नवीन घ्यायचीच होती म्हणून त्या पानाला यावेळी टफन्ड घातली.

अख्ख्या घराला लावत बसू नका. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत दाराची काच जमिनीपासून 1500 मिमीपर्यंत आणि खिडकीची 800 मिमीपर्यंत धोक्याची धरतात, मी तोच हिशोब धरला, किचनची उंचावरची खिडकी सोडून दिली. पण खिडकीखालचा दिवाण हलवला, पोरगं दिवाणावर चढलं की कुठले 800 न् कुठलं काय. बाथरूमच्या दाराला नक्षीची काच आहे, खडबडीत बाजूला फिल्म नीट धरत नाही, तिथे ॲक्रिलिक शीट मारून घेतली. आणि क्लिअर फिल्म लावली की काच आहे हे पोरांना अजूनही दिसत नाहीच, पळत येऊन आपटतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला फुलपाखरांचे स्टिकर लावा, दहा-वीस रुपयांत काम होतं.

सुरुवातीला काच ढगाळ दिसते, आत पाण्याचे फुगे दिसतात, ते आपोआप सुकतात पण महिनाभरही लागू शकतो आणि तोवर घासून पुसायचं नाही. नंतरही मऊ फडकं आणि साबणाचं पाणी, तारेची घासणी अजिबात नको. हे पालकांना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे एका आईने विचारलंच, ‘काचा पुसत नाही का हो तुम्ही?’