सीमेचे पहारेकरी: तिथलेच की दूरदेशीचे?

काल्पनिक राज्याची सरहद्द रचताना पहिला प्रश्न हाच: शिपाई त्याच मुलखातले घ्यायचे, की लांबच्या प्रांतांतून आणायचे?

स्थानिकाला वाट विचारावी लागत नाही. नदीला उतार कुठे, धुकं कधी दाटतं, पलीकडच्या टोळीची बोली कोणती, सगळं त्याला ठाऊक. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग साम्राज्याने ऑटोमन तुर्कांच्या सीमेवर शेतकऱ्यांना जमीन आणि करसवलत दिली, बदल्यात सैन्यसेवा घेतली. ही व्यवस्था १८८१ मध्ये मोडीत निघाली. पाठीशी स्वतःचं शेत असलं की माणूस सहजासहजी पळत नाही. पण पलीकडे त्याची सोयरीकही असते, आणि कथेला खरी धार तिथेच चढते. रात्रीच्या पहाऱ्यावर मेहुणाच कुंपण ओलांडताना दिसला तर?

परका शिपाई या पेचातून सुटतो. इ. स. ६९-७० मध्ये रोमच्याच सैन्यात लढणाऱ्या बटावी टोळीने आपल्या मुलखात बंड केलं; त्यानंतर रोमने जिंकलेल्या लोकांतून उभारलेली अनेक सहायक पथकं मायदेशापासून दूर नेली. ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीवर तर सीरियाचे तिरंदाज होते! मात्र नवी भरती हळूहळू जवळपासच्या गावांतून होऊ लागते आणि दूरचं पथक नावापुरतंच दूरचं उरतं.

माझा कौल स्थानिकांना. अधिकारी तेवढे बाहेरचे ठेवा: हुकूम एका भाषेत सुटेल आणि कुजबुज दुसरीत.