वापरानंतरचा अनुभव : सायंटिफिक कॅल्क्युलेटर, आलेखवही आणि संमिश्र संख्या

पुतण्याचे इंजिनिअरिंग पूर्ण झाल्यावर त्याचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर परभणीतल्या आमच्या घरी पडून होता. मी पतसंस्थेत व्याजाचे हिशेब पाहते आणि माझे गणित वाणिज्य शाखेपुरतेच आहे. तरीही ‘ई’ (सुमारे २.७१८ ही संख्या) हिचा ‘आय गुणिले पाय’ इतका घात केला की उत्तर उणे एक येते (‘आय’ म्हणजे उणे एकचे वर्गमूळ, ‘पाय’ म्हणजे वर्तुळाचा ३.१४), हे त्याच्या वहीत वाचल्यापासून ते मनातून जात नव्हते. तेवढ्याचसाठी गेले सात महिने मी हा कॅल्क्युलेटर, आलेखवही आणि कोनमापक वापरते आहे.

‘ई’ मला लवकर कळला, कारण तो व्याजातूनच आलेला आहे. एक रुपया शेकडा शंभर दराने वर्षभर ठेवला आणि व्याज वर्षाखेरीस जोडले, तर २ रुपये होतात. सहामाही जोडले तर २.२५, दरमहा जोडले तर सुमारे २.६१३ आणि रोज जोडले तर सुमारे २.७१४६. क्षणोक्षणी जोडले तरी रक्कम २.७१८२८ च्या आसपासच थांबते, आणि हाच ‘ई’. गणिती याकोब बर्नुली यांनी १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाच्या याच प्रश्नावर विचार केला होता.

‘आय’ने मात्र दोन महिने घेतले. ऋण संख्या हा वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिले, आणि ऋण म्हणजे कर्ज हे रोज पाहणाऱ्या मला ते पटतही होते. शिवाय अशा वर्गमुळांना १६३७ मध्ये फ्रेंच गणिती देकार्त यांनी दिलेल्या ‘काल्पनिक’ या नावाने, माझ्या मते, शिकणाऱ्याचे नुकसानच केले आहे. गाठ सुटली ती आलेखवहीवर. उणे एकने गुणणे म्हणजे संख्येला शून्याभोवती अर्धा फेरा देणे. मग जी क्रिया दोनदा केल्यावर अर्धा फेरा पूर्ण होतो, ती पाव फेरा, म्हणजे काटकोन. संमिश्र संख्या (साधी संख्या अधिक ‘आय’ची पट) अशी कागदावर दिशा म्हणून मांडणारे कास्पर वेसेल हे पेशाने मोजणीदार होते. त्यांचा निबंध १७९९ मध्ये छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित राहिला. हे वाचून मला फार बळ आले.

‘ई’चा घात म्हणजे क्षणोक्षणी जोडलेले व्याज आणि घातांक म्हणजे दर गुणिले मुदत, म्हणून त्यानंतर मी व्याजाचा दरच ‘आय’ धरला. असे व्याज मुद्दलाच्या रेषेत न पडता तिच्याशी काटकोनात पडते, आणि मुद्दल वळले की पुढचे व्याजही त्याच्याबरोबर वळते. घाण्याचा बैल जसा दांड्याशी सतत काटकोनात चालतो आणि म्हणूनच गोल फिरतो, तसेच हे आहे. मुदत ‘पाय’ धरून मी तिचे आठ भाग केले: एक अधिक आय गुणिले पाय भागिले आठ, या संख्येचा आठवा घात. माझ्या कॅल्क्युलेटरवर संमिश्र संख्येचा फक्त वर्ग आणि घन निघतो, परंतु वर्गाची कळ तीनदा दाबली की आठवा घात मिळतोच. उत्तर उणे १.७५५ अधिक ०.२६२ आय असे आले. चौसष्ट भाग करून कळ सहादा दाबली तेव्हा उणे १.०८० आणि जेमतेम ०.००३ आय उरले. १०२४ भाग करून दहादा दाबल्यावर उणे १.००४८. भाग मोठे असताना प्रत्येक पावलागणिक कर्ण थोडा लांबतो आणि बिंदू वर्तुळाबाहेर सरकतो. भाग बारीक होत गेले की तो वर्तुळावरच राहतो. एक त्रिज्येच्या वर्तुळाचा अर्धा परीघ ‘पाय’ इतकाच असल्याने चाल बरोबर उणे एकवर संपते. त्या संध्याकाळी मी ते आकडे तीन वेळा पुन्हा काढून पाहिले.

उणीव सांगायची तर कॅल्क्युलेटर अंशांत आहे की रेडियनमध्ये (कोनाचे दुसरे एकक, ज्यात अर्धा फेरा म्हणजे ‘पाय’), हे दाखवणारे अक्षर फारच बारीक आहे. कोसाइन पायचे उत्तर उणे एकऐवजी ०.९९८ येत राहिले आणि माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कॅल्क्युलेटर चित्रही काढत नाही, त्यामुळे केवळ तो घेऊन बसलेल्याला हा विषय उमगेल असे मला वाटत नाही, आलेखवही हवीच.

सध्या मी दरात साधे आणि काटकोनातले, अशी दोन्ही व्याजे एकत्र धरते: ०.१ अधिक आय. रक्कम वाढतही जाते आणि फिरतही जाते. १ सेंटिमीटरपासून सुरुवात केली, तर पहिल्या फेरीअखेर मध्यापासूनचे अंतर १.८७, दुसऱ्या फेरीअखेर ३.५१ आणि तिसऱ्या फेरीअखेर ६.५९ सेंटिमीटर होते. चौथ्या फेरीत वक्र कागदाबाहेर जातो, म्हणून आता दोन पाने जोडून घेतली आहेत.