मालिकाप्रेमींच्या गटासाठी टेलिग्राम: भांडण मिटत नाही, पण दमाने होते

टीव्ही मालिकांच्या चाहत्यांची भांडणे ज्यांना क्षुल्लक वाटतात, त्यांनी अशा एखाद्या गटाचे ॲडमिनपद थोडे दिवस सांभाळून पाहावे. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि तिचे चित्रीकरण आपल्या करवीर तालुक्यातील वसगडे गावी होऊ लागले, तेव्हा कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतील आम्ही काही मालिकाप्रेमी एका गटात जमलो. पहिलाच वाद मालिकेचा नायक राणादा याच्या बोलीवरून झाला. ही अस्सल कोल्हापुरी नव्हे, असे कसबा बावड्याच्या एका सदस्याने लिहिले आणि त्याचे ‘चालतंय की’ ज्यांच्या तोंडी बसले होते ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. मालिका संपली, गट मात्र वाढत गेला आणि वादही वाढत गेले. त्यानंतर आम्ही जुने ॲप सोडून टेलिग्रामवर आलो. भांडखोर गट सांभाळायला हे ॲप किती उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

आमच्याकडील निम्म्याहून अधिक वादांचे मूळ एकच असते. वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकांना काही मालिकांचा भाग टीव्हीवर लागण्याआधीच ओटीटीवर पाहायला मिळतो. राजारामपुरीतील एक काका सकाळच्या चहाबरोबर तो पाहून घेतात आणि ‘आज ती घर सोडून जाते बघा’ असे लिहून मोकळे होतात. गडहिंग्लजच्या एक शिक्षिका तोच भाग रात्री जेवणे उरकल्यावर सासूबाईंबरोबर पाहतात. ‘तुम्ही पैसे भरलेत म्हणून आमच्या तोंडचा घास काढून घ्यायचा का, काका?’ हा त्यांचा प्रश्न, आणि ‘मग ग्रुप रात्रीच उघडत जावा की, बाई’ हे काकांचे उत्तर. यापुढे काय होते ते सांगायला नको. दुपारपर्यंत मालिका बाजूला राहते आणि कोणाची लायकी काय, यावर चर्चा येऊन ठेपते.

यावर टेलिग्राममध्ये २०२१ च्या अखेरीस आलेली ‘स्पॉयलर’ ही सोय फार कामाची आहे. लिहिलेला मजकूर बोटाने निवडायचा आणि फॉरमॅटिंगच्या यादीतून स्पॉयलर हा पर्याय घ्यायचा, की तेवढा भाग चमचमत्या ठिपक्यांखाली झाकला जातो आणि ज्याला वाचायचा असेल त्याने त्यावर बोट ठेवले तरच उघडतो. माझ्या मते तिचा खरा गुण असा, की हा मजकूर नोटिफिकेशनमध्ये आणि चॅटच्या यादीतही झाकलेलाच राहतो. नाहीतर फोन टेबलावर पडल्या पडल्याच रहस्य फुटले असते. फोटोही याच पद्धतीने झाकता येतात. मात्र नुसते झाकून भागत नाही, कारण ठिपक्यांखाली कोणत्या मालिकेचे काय आहे हे कळायला मार्ग नसतो आणि उत्सुकतेपोटी बोट लागतेच. म्हणून मालिकेचे नाव आणि भागाची तारीख उघडी ठेवायची व पुढचे झाकायचे, असा नियम आम्ही केला. वयस्कर सदस्यांना तो पर्याय सापडेपर्यंत काही काळ गेला. काका अजूनही कधीकधी नाव झाकतात आणि रहस्य उघडे ठेवतात.

दुसरी सोय ‘स्लो मोड’ची. ॲडमिनने ती सुरू केली, की एका सदस्याला एक संदेश पाठवल्यावर ठरावीक वेळ थांबावेच लागते. हे अंतर काही सेकंदांपासून १ तासापर्यंत ठेवता येते. हिची खरी गरज काय, हे ‘बिग बॉस मराठी’च्या २०२४ मधील पाचव्या पर्वाची आठवण काढली की लगेच पटते. इचलकरंजीचे धनंजय पोवार घरात होते, त्यामुळे जिल्ह्याचा अभिमान एका बाजूला आणि बारामती तालुक्यातून आलेल्या सूरज चव्हाणबद्दलचा जिव्हाळा दुसऱ्या बाजूला, अशी गटाची सरळ फाळणी झाली होती. ६ ऑक्टोबरला सूरज विजेता ठरला, तरी ‘आपल्या माणसाला मत दिलं नाही’ हा राग दिवाळीच्या फराळापर्यंत पुरला. अशा वेळी एका वाक्याला चार वाक्ये सेकंदासेकंदाला येत असतात. पाच मिनिटांचे अंतर ठेवले, की माणूस नाइलाजाने पूर्ण मुद्दा लिहितो, आणि पाठवायची वेळ येईपर्यंत त्यातील एखादी शिवी त्यालाच अनावश्यक वाटू लागलेली असते.

अर्थात हे औषध सरसकट द्यायचे नाही. भाग चालू असताना ‘अरे वा’, ‘आता बघ कशी बोलते’ असे जे सहज उद्गार निघतात, तीच या गटांची गंमत आहे आणि स्लो मोडमध्ये ती पार मरते. त्यामुळे आम्ही तो एरवी बंद ठेवतो आणि गुरुवारी लावतो. कोणती मालिका किती पाहिली गेली हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे टीआरपीचे आकडे त्या दिवशी येतात आणि दोन वाहिन्यांचे कैवारी आपापल्या सोयीचे तक्ते घेऊन उतरतात. देशभरातील ५० हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढलेला हा अंदाज असतो, ओटीटीवर पाहणारे काका त्यात धरलेलेच नसतात, हे कितीही वेळा सांगितले तरी पुढच्या गुरुवारी तेच सुरू.

गटातील महिलांना सर्वांत जास्त पटलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये आपला फोन नंबर इतरांपासून लपवता येतो आणि युजरनेमवर वावरता येते. खलनायिकेची बाजू घेतली म्हणून रात्री अनोळखी नंबरवरून फोन यावा, हा प्रकार जुन्या गटात एका ताईंच्या बाबतीत घडला होता. मालिकेतील वाद मालिकेपुरता ठेवण्यासाठी एवढा आडपडदा मला आवश्यक वाटतो. नवीन सदस्याला नियम सांगण्याआधी आम्ही हे सेटिंग दाखवतो.

ॲडमिनसाठी ‘रिसेंट ॲक्शन्स’ नावाची नोंदवहीही आहे. गेल्या ४८ तासांत कोणी कोणता संदेश बदलला किंवा पुसला हे तिथे दिसते, त्यामुळे ‘मी तसं लिहिलंच नव्हतं’ हे पालुपद बंद पडले. एखाद्या सदस्याला गटातून न काढता काही तासांपुरते लिहिण्यापासून रोखता येते, आणि हाकलून दिल्याचा अपमान टळल्यामुळे तो बहुधा शांत होऊन परत येतो.

उणिवा आहेतच. स्लो मोड ॲडमिनला लागू होत नाही, शिवाय त्याला स्वतःचे नाव लपवून गटाच्या नावाने लिहिण्याचीही मुभा आहे. म्हणजे कुस्तीच्या खासबाग मैदानात पंचानेच लांग चढवून उतरावे, तसा प्रकार होऊ शकतो. ॲडमिन एखाद्या नटाचा कट्टर चाहता असेल, तर वरील साऱ्या सोयी उलट्या फिरतात. यासाठी आम्ही परस्परविरोधी आवडीनिवडीचे ॲडमिन नेमले आहेत. दुसरे म्हणजे, येथील गटांतील संभाषणाला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा सोडून इतर कोणालाही उघडता येणार नाही असे कुलूप, नसते; ते फक्त दोघांपुरत्या सीक्रेट चॅटमध्ये मिळते. मालिकेतल्या सुनेवरून स्वतःच्या सुनेवर घसरण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि पडद्यावर दुष्ट दिसणाऱ्या अभिनेत्रीला खऱ्या आयुष्यात शिव्याशाप देणाऱ्या माणसापुढे तर कोणतेच बटण चालत नाही. त्याला समज द्यावी लागते, आणि तीही दुसऱ्या माणसानेच.

एकूण मी पाचपैकी चार तारे देईन. ज्यांचा गट दहा-बारा मैत्रिणींचा आहे त्यांना एवढ्या सरंजामाची गरज नाही. अनोळखी माणसे जमू लागली, की मात्र अवश्य यावे. गट उघडताना नवीन सदस्यांना जुने संभाषण न दाखवण्याचा पर्याय निवडावा. आम्ही सुरुवातीला ते संभाषण उघडे ठेवले होते, तर शाहूपुरीतून नव्याने आलेल्या एका तरुणाने पहिल्याच संध्याकाळी मागचे सगळे वाचून काढले आणि बिग बॉसच्या निकालावर प्रत्येकाला नाव घेऊन उत्तरे द्यायला सुरुवात केली.