शेल की बीपी: लाभांशासाठी ठेवायचा शेअर कोणता?

लंडनच्या शेअर बाजारातल्या या दोन तेलकंपन्यांपैकी एकीचाच शेअर घ्यायचा आणि दहा-पंधरा वर्षं लाभांश खात राहायचं, असा बेत असेल तर ताळेबंदाआधी दोघींचं कूळ पाहा. शेल जन्मली व्यापारातून आणि बीपी एका विहिरीतून. शंभरहून अधिक वर्षं उलटली तरी हा फरक पुसलेला नाही, आणि माझ्या मते निर्णयही त्यावरच होतो.

मार्कस सॅम्युएल हा लंडनचा व्यापारी. वडिलांचा शंखशिंपल्यांचा धंदा होता, शेल हे नाव तिथून आलं. 1892 साली त्याचं ‘म्युरेक्स’ हे जहाज काळ्या समुद्रावरच्या बाटूम बंदराचं रॉकेल थेट टाक्यांत भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेलं. तोवर रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून आणि डबे लाकडी खोक्यांतून जायचे. सुटं तेल नेल्याने वाहतूक कितीतरी स्वस्त झाली. परतताना टाक्या वाफेने धुऊन त्यांतच दुसरा माल भरता येई, म्हणजे जहाज रिकामं फिरत नसे. तरीही माल खपेना. लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता, कारण स्टँडर्ड ऑइल या प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनीच्या निळ्या डब्यांच्या पत्र्यातून छपरं आणि भांडी होत. मग सॅम्युएलने नुसता पत्रा पाठवला, बाजारपेठेजवळच डबे करून घेतले आणि त्यांना लाल रंग दिला. दूरवरून आलेले निळे डबे पोचेपर्यंत पोचे पडलेले असत. लाल डबे कोरे करकरीत. गिऱ्हाईक वळलं.

आजच्या शेलचं सूत्र मला या डब्यातच दिसतं. 1907 साली रॉयल डच या डच तेलकंपनीशी 60:40 या प्रमाणात हातमिळवणी झाली, 2016 साली बीजी ग्रुप ही वायूकंपनी विकत घेतली आणि कंपनी एलएनजीच्या, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूच्या, जगातल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांत जाऊन बसली. 2025 च्या मध्यावर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किटिमॅटहून एलएनजीचं पहिलं जहाज निघालं. त्या प्रकल्पात शेलचा वाटा 40 टक्के आहे. भाव कुठे चढा आहे ते पाहून जहाज तिकडे वळवायचं, ही जुनीच कला. 2023 पासून प्रमुख असलेले वाइल सावन यांनी तिच्यावरच भर दिला आहे. एलएनजीची विक्री 2030 पर्यंत दरवर्षी 4 ते 5 टक्क्यांनी वाढवायची आणि कामकाजातून येणाऱ्या रोखीचा 40 ते 50 टक्के भाग भागधारकांना द्यायचा, असं त्यांनी मार्च 2025 मध्ये जाहीर केलं.

बीपीची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. विल्यम नॉक्स डार्सीने 1901 साली इराणात तेल शोधण्याचा परवाना मिळवला. सात वर्षं खोदकाम चाललं, पैसा संपत आला, काम थांबवण्याचा निरोप निघाला. 26 मे 1908 च्या पहाटे मस्जिद सुलेमान इथे तेलाचा फवारा विहिरीवरच्या मनोऱ्याच्याही वर उडाला. पुढच्याच वर्षी, पुढे बीपी झालेली कंपनी उभी राहिली आणि 1914 साली ब्रिटिश सरकारने तिचे 51 टक्के भाग घेतले. मग 1951 साली इराणने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि जवळजवळ सगळं एका फटक्यात हातचं गेलं. अलास्का आणि उत्तर समुद्रातल्या साठ्यांनी कंपनीला पुन्हा उभं केलं.

मोठा डाव, मोठा लाभ, मोठा घाव. 2010 साली मेक्सिकोच्या आखातात बीपीसाठी विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, 11 कामगार गेले, 87 दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. त्या 11 घरांच्या नुकसानाला हिशेब नाही; कंपनीचा खर्च 65 अब्ज डॉलरच्या वर गेला आणि तीन तिमाही लाभांश बंद राहिला. 2022 साली रशियाच्या रॉसनेफ्ट या तेलकंपनीतला 19.75 टक्के हिस्सा सोडावा लागला.

धोरणातही तेच. 2020 साली बीपीचे तेव्हाचे प्रमुख बर्नार्ड लूनी यांनी 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. 2023 मध्ये ते उद्दिष्ट 25 टक्क्यांवर आलं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांच्या जागी आलेले मरे ऑचिंक्लॉस यांनी ते सोडूनच दिलं: तेल-वायूवर वर्षाला 10 अब्ज डॉलर, हरित ऊर्जेला कात्री. डिसेंबर 2025 मध्ये त्यांच्याही जागी मेग ओ’नील यांचं नाव जाहीर झालं. मला लूनी यांची दिशा मनापासून पटली होती, पण तेलविहिरीचा हिशेब दशकांत होतो. पाच वर्षांत दोनदा मोहरा फिरवला की दोन्हीकडचा पैसा वाया जातो.

शेल निष्कलंक आहे असं मुळीच नाही. 2004 साली तिने तेलसाठे फुगवून दाखवल्याचं उघड झालं. एप्रिल 2020 मध्ये तिमाही लाभांश 47 सेंटवरून 16 सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती पहिली कपात. त्याच वर्षी बीपीने आपला निम्मा केला, 10.5 वरून 5.25 सेंट. ‘तेलकंपनीचा लाभांश म्हणजे पेन्शन’ ही समजूत दोघींच्याही बाबतीत सोडून द्या. आणि ऊर्जेच्या बदलासाठी पैसा लावायचा असेल तर या दोघींकडे येऊच नका. शेलनेही 2024 साली आपली उत्सर्जनाची उद्दिष्टं सैल केली आहेत.

कराची बाजू बरोबरीची आहे. ब्रिटन लाभांशावर मुळातून कर कापत नाही, आणि 2022 साली शेलने ‘रॉयल डच’ नाव व हेगचं मुख्यालय सोडल्यापासून तिच्या डच कराची भानगडही मिटली.

घरखर्चाचा काही भाग लाभांशावर चालणार असेल तर मी शेल घ्यायला सांगेन. 2025 मध्ये ती दर तिमाहीला 3.5 अब्ज डॉलरचे स्वतःचे शेअर बाजारातून परत घेत होती (भागधारकांना पैसा देण्याचा हा लाभांशाखेरीजचा मार्ग), तर बीपीने हा आकडा एप्रिलमध्ये 1.75 अब्जांवरून 75 कोटींवर आणला. हातात वेळ आहे, तेलाचा भाव चढेल असं वाटतं आणि पडझड सोसायची तयारी आहे, त्याने बीपीचा विचार करावा. ऑगस्ट 2025 मध्ये ब्राझीलच्या समुद्रात बुमेरांगे इथे तिला लागलेला साठा लहान नाही. फक्त कोणी तरी बीपी विकत घेईल या आशेवर जाऊ नका. शेलने जून 2025 मध्येच आपला तसा इरादा नसल्याचं सांगितलं होतं.

बीपी घेतलाच तर दर तिमाहीला तिचं निव्वळ कर्ज, म्हणजे हातातली रोख वजा जाता उरणारं कर्ज, तपासा. 2027 अखेर ते 14 ते 18 अब्ज डॉलरवर आणायचं, हा तिचा स्वतःचा शब्द आहे.