किआवा बेटावरचे ओशन कोर्स

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींपैकी ज्यांना गोल्फचा छंद आहे, त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील किआवा बेटावरच्या रिसॉर्टचे ओशन कोर्स हे मैदान अवश्य खेळावे, असे माझे मत आहे. मात्र कमी फटक्यांत फेरी संपवण्याची उमेद घरीच ठेवून जावे.

पीट डाय यांनी आखलेले हे मैदान १९९१ च्या रायडर कपसाठी, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप या सांघिक गोल्फ स्पर्धेसाठी, तयार झाले. फेअरवे, म्हणजे होलकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, वाळूच्या टेकड्यांच्या आड ठेवण्याचा त्यांचा मूळ बेत होता. पण स्वतः उत्तम गोल्फपटू असलेल्या त्यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी खेळताना समुद्र दिसलाच पाहिजे असे सुचवले आणि मैदान उंच उचलले गेले. देखावा मिळाला, आडोसा गेला. रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतात. येथे वाऱ्याला मुद्दाम वाट मोकळी करून दिली आहे. भुसावळच्या उन्हातून गेलेल्या माणसाला तो आरंभी सुखद वाटतो, पण एकाच फेरीत तो कधी पाठीशी तर कधी तोंडावर येतो, आणि एरवी सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) गाठता येणाऱ्या अंतरासाठी लांब मारणारे चार नंबर काढावे लागते.

वाळू सगळीकडे आहे, तरी तिला बंकर (वाळूचा अडथळा-खड्डा) मानत नाहीत, त्यामुळे फटक्यापूर्वी क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, वाळूवर टेकवता येतो. येथे झालेल्या २०१२ आणि २०२१ च्या पीजीए अजिंक्यपद या व्यावसायिक गोल्फच्या मोठ्या स्पर्धांतही हीच मुभा होती. गवत खारे पाणी सोसणारे पास्पालम आहे. तळ्यांत मगरीच्या जातीचे ॲलिगेटर असल्याने तेथे गेलेला चेंडू गेलाच समजावा. दहा होल थेट अटलांटिकच्या काठाने जातात. आतल्या बाजूचे होल देखणे असले तरी त्यांना या दहांची सर नाही.

खरी परीक्षा सतराव्या होलवर होते. पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करणे अपेक्षित असलेल्या, या होलवर पहिला फटका पाण्यावरून मारायचा असतो, आणि १९९१ च्या रायडर कपमध्ये, चार होल उरले असताना चार होलांची आघाडी असलेल्या अमेरिकेच्या मार्क कॅल्कावेकिया यांचा चेंडू येथेच पाण्यात गेला व त्यांचा सामना अखेर बरोबरीत सुटला. उजवीकडचा मोह टाळून डावीकडे खेळावे. तेथे वाळू लागली तरी चेंडू हाती राहतो.

२०२१ मध्ये पन्नाशीतल्या फिल मिकेल्सन यांनी पीजीए अजिंक्यपद जिंकले, तेव्हा मैदानाची लांबी ७,८७६ यार्ड होती. तो आकडा विसरून पुढच्या टी, म्हणजे होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागा, निवडाव्यात. शुल्क शेकडो डॉलरांत जाते आणि कॅडीची (क्लबची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाची) बक्षिसी वेगळी द्यावी लागते, तरी वारा पाहून क्लब सुचवणाऱ्या कॅडीवर काटकसर करू नये. वेळ सकाळची घ्यावी, कारण दुपारी समुद्रावरचा वारा सहसा वाढतो.