शिक्षकांसाठी ‘विज्ञानाचे स्वरूप’ अभ्यासवर्ग : आठ शनिवारांचा हिशेब

एकोणीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवल्यानंतर विज्ञान म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी शुल्क भरून बाकावर बसण्याची वेळ माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. तत्त्वज्ञान, चिकित्सक विचार आणि विज्ञानाचे स्वरूप हे तीन विषय वर्गात कसे शिकवावेत, यासाठी पुण्यातील एका संस्थेने घेतलेला अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. आठ शनिवार, दर वेळी तीन तास, ३,५०० रुपये शुल्क आणि चोवीस शिक्षक असे त्याचे स्वरूप होते. पुढे काही तक्रारी करायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. उद्घाटनाच्या भाषणात संविधानातील अनुच्छेद ५१क आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचे मूलभूत कर्तव्य यांचा उल्लेख अपेक्षेप्रमाणे झाला, तेव्हा पुढचे तीन तास भाषणे ऐकण्यातच जाणार, अशी माझी खात्री झाली होती.

ती खात्री अर्ध्या तासात मोडली. मार्गदर्शकांनी फळ्यावर २, ४, ६ असे आकडे लिहिले आणि सांगितले, की हे त्रिकूट एका नियमात बसते. तुम्ही हवी तितकी त्रिकुटे सुचवा, ती नियमात बसतात की नाही एवढेच मी सांगेन, आणि खात्री झाली की नियम सांगा. आम्ही ८, १०, १२ सुचवले, २०, २२, २४ सुचवले, आणि प्रत्येक होकारागणिक आमचा आत्मविश्वास वाढत गेला. ‘दोनाने वाढणाऱ्या सम संख्या’ हा आमचा नियम चुकीचा ठरला. खरा नियम ‘चढत्या क्रमाने लिहिलेल्या कोणत्याही तीन संख्या’ इतका साधा होता. परंतु ६, ४, २ किंवा १, २, ५० असे विचारून आपल्याच कल्पनेला धक्का देऊन पाहावे, हे चोवीसपैकी एकालाही सुचले नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात २९ पैकी केवळ ६ जणांनी आधी चुकीचा नियम न सांगता थेट बरोबर नियम सांगितला होता, ही माहिती आम्हाला नंतर देण्यात आली आणि तेवढाच काय तो दिलासा मिळाला. माहितीच्या आधी फजिती, हा क्रम मला फार योग्य वाटला.

दुसऱ्या शनिवारी प्रत्येक गटाला चिकटपट्टीने बंद केलेला एक पत्र्याचा डबा देण्यात आला. तो हलवून, कलता करून, चुंबक लावून आत काय आहे याचे अनुमान करायचे होते. डबा शेवटपर्यंत उघडला गेला नाही, यावर काही जण चक्क रागावले. मला मात्र ते पटले, कारण अणूची रचना शोधणाऱ्यांनाही शेवटी झाकण उघडून पाहण्याची सोय नव्हती.

संपूर्ण अभ्यासवर्गातील सर्वांत उत्तम सत्र तिसरे. युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणितात नीट बसत नव्हती, तेव्हा पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा असे मानून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्याचे स्थान गणिताने काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला, ही कथा आपण सर्वच जण वर्गात सांगतो. तिचा उत्तरार्ध मात्र मला ठाऊक नव्हता. बुधाच्या कक्षेचा उपसूर्यबिंदू, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, अपेक्षेपेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका जास्त सरकतो. या विसंगतीसाठीही ल व्हेरिए यांनी तोच उपाय योजला आणि सूर्य व बुध यांच्यामध्ये आणखी एक ग्रह असल्याचे प्रतिपादन केले. त्या ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले आणि तो पाहिल्याचे दावेही झाले. ल व्हेरिए १८७७ मध्ये वारले, ते त्याच्या अस्तित्वावर विश्वास ठेवूनच. ग्रह नव्हताच, १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतावादाने त्या ४३ विकलांचा उलगडा केला. माणूस तोच, तर्कपद्धती तीच, एकदा विजय आणि एकदा फसगत. ‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या लिहा’ या आपल्या लाडक्या प्रश्नाचे त्यानंतर काय करावे, हे मला अद्याप सुचलेले नाही.

पहिली तक्रार इथेच सुरू होते. पाचव्या सत्रात दुसऱ्या मार्गदर्शकांनी तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची खंडनक्षमतेची कसोटी शिकवली: जो सिद्धांत कोणत्याही निरीक्षणाने खोटा ठरू शकत नाही, तो वैज्ञानिक नव्हे. मांडणी स्वच्छ होती, पण एकाकी होती. युरेनस गणिताबाहेर वागला, तेव्हा न्यूटनचे खंडन झाले असे कोणी जाहीर केले नाही आणि तसे न करणेच योग्य ठरले. मग विसंगती दिसताच सिद्धांत सोडायचा की नवा ग्रह शोधायचा, हा प्रश्न मी विचारला, तेव्हा तो पुढील सत्रात घेऊ असे उत्तर मिळाले. पुढील सत्रात तो घेतला गेला नाही. दोन्ही मार्गदर्शक आपापल्या विषयात तयार होते, पण त्यांनी एकमेकांची सत्रे ऐकली नसावीत, असे वारंवार जाणवत राहिले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. न्यायदर्शनाला, म्हणजे तर्क आणि अनुमान यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाला, सातव्या सत्राच्या शेवटची वीस मिनिटे मिळाली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही अनुमानाच्या पाच अवयवांची नावे एका पडद्यावर झळकली आणि ‘आपल्याकडेही तर्कशास्त्र होते’ असे सांगून विषय संपला. वास्तविक धूर आणि अग्नीचे ते जुने उदाहरण उलटे केले, तर त्यात एक संपूर्ण तास भरेल एवढा ऐवज आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते, आणि या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. मी ही कल्पना नववीच्या वर्गात वापरून पाहिली. ‘शिकवणीला जाणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात, म्हणून शिकवणीमुळे गुण वाढतात’ हे विधान फळ्यावर लिहून त्यातले ओले सरपण शोधायला सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, शिकवणीला जाणाऱ्यांना घरी पाणी भरावं लागत नसेल.’’ आयात केलेल्या कोणत्याही उदाहरणाने इतके लवकर काम केले नसते.

श्रद्धेच्या प्रश्नांवरील सहावे सत्र संयमाने हाताळले गेले, याची नोंद केली पाहिजे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पीत असल्याची वार्ता पसरली होती. त्यावर घटना खरी की खोटी असा वाद न घालता, ‘मूर्ती दूध पिते’ आणि ‘पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून ओघळते’ या दोन स्पष्टीकरणांत निवड करायची, तर नेमके काय पाहावे लागेल, एवढेच आम्हाला विचारण्यात आले. दुधात रंग मिसळून पाहावे, हे उत्तर गटातूनच आले. आजीने सांगितलेली गोष्ट घेऊन वर्गात येणाऱ्या मुलाचा अपमान न करता त्याच्यासोबत विचार करण्याची ही रीत मला उपयोगी पडेल.

व्यवस्था साधारण होती. टिपणांचे मराठी भाषांतर निष्काळजीपणे केलेले होते आणि एकाच संकल्पनेसाठी तीन ठिकाणी तीन शब्द आले होते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत अठ्ठेचाळीस मुलांमध्ये ते बंद डबे कसे फिरवायचे आणि अशा कामाला गुण कसे द्यायचे, यावर मार्गदर्शन जवळजवळ झालेच नाही. तरीही विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनी शुल्क परवडत असेल तर हा वर्ग जरूर करावा; इतिहास व भाषा शिकवणाऱ्यांनी मात्र त्यांच्या विषयांतील उदाहरणे पुढच्या तुकडीत घेणार आहेत का, हे आधी विचारून घ्यावे, कारण आमच्या तुकडीतील अशा चार शिक्षकांना बहुतेक वेळ श्रोते म्हणूनच बसावे लागले.