स्वाधारचे ५१ हजार की होस्टेलचं ताट?

मावसभाऊ दहावी झाला, छत्रपती संभाजीनगरला आयटीआयत इलेक्ट्रिशियन लागलं. गाव घनसावंगी तालुक्यातलं, म्हणजे रोज एसटीनं येणंजाणं काही जमत नाही. मावशीचा फोन आला, बाबा होस्टेल बघायचं का स्वाधारचे पैसे घेऊन रूम करायची, गावात जो तो म्हणतोय ५१ हजार भेटतेत, होस्टेलला कशाला जातो.

स्वाधार म्हणजे सरकारी होस्टेलला नंबर न लागलेल्या पोरांना राहण्याजेवणाचे पैसे खात्यात देणारी समाजकल्याणची योजना. आधी ५१ हजार म्हणजे काय ते बघा. हा वर्षाचा आकडा आहे, महिन्याचा नाही. संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात जेवणाचे २८ हजार, राहण्याचे १५ हजार आणि निर्वाह भत्ता ८ हजार. मुंबई पुण्याला हेच ६० हजार, जिल्ह्याच्या गावाला ४३. राहण्याचे १५ हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे, एवढ्यात आयटीआयजवळ एकट्याला रूम कुठं भेटतीय, तिघं चौघं मिळून राहिले तरच भागतं.

आणि खरी गोम रकमेत नाही, पैसे कधी येतेत त्यात आहे. मी पॉलिटेक्निकला स्वाधारवर होतो. माझं आधार एका जुन्याच खात्याला लिंक होतं, पासबुक पण हरवलेलं, चूक माझीच, पण ती निस्तरेपर्यंत चार महिने गेले. मेसवाल्या काकू वहीत लाल पेनानं मांडून ठेवायच्या, २८०० च्या चार ओळी, खाली ११२०० आणि त्याखाली दोन रेघा. बोलल्या कधीच नाहीत, पण भाजी वाढताना वही उघडीच असायची. शेवटी वडिलांनी कापूस घरात ठेवायचा होता तो पडत्या भावात विकला. म्हणून म्हणतो, घरात चार पाच महिन्यांचा खर्च उचलायची ताकद असंल तरच पैशाच्या वाटेला जा.

समाजकल्याणच्या होस्टेलला हातात रोख कमी येते, पण दोन वेळचं ताट समोर येतं, खोलीभाडं नाही, लाईट बिल नाही. जेवणावरून पोरं कुरकुर करतेत, ते चालायचंच. आणि मुळात स्वाधार हे होस्टेलला नंबर न लागलेल्यांसाठी आहे, त्यामुळं आधी अर्ज होस्टेलचाच टाका, नंबर लागला तर गावाचं ऐकून सोडू नका, नाही लागला तर स्वाधार. दोन्ही एकदम भेटत नाही.

स्वाधार फक्त एससी आणि नवबौद्धांना, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, मागच्या परीक्षेला ५० टक्के, आणि कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी नको. म्हणजे इलेक्ट्रिशियन, फिटर चालतंय, एक वर्षाचा वेल्डर घेतला की गेलं, ट्रेड निवडतानाच हे बघावं लागतं. कॉलेज ज्या शहरात तिथलाच रहिवासी असंल तरी नाही. ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार आणि एसटींसाठी स्वयम आहे, पण त्या बारावीनंतरच्या शिक्षणाला, दहावीवर आयटीआय घेणाऱ्याला उपयोग नाही. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा होस्टेल आहेत, बीडकडच्यांनी तिथं आधी चौकशी करावी.

आयटीआयचं विद्यावेतन पूर्वी महिन्याला ४० रुपये होतं, आता ५०० केलंय. ह्यावर घर चालत नाही, बसपास निघतो. एज्युकेशन लोन चार लाखापर्यंत तारणाशिवाय होतं, पण सरकारी आयटीआयच्या फीसाठी लोन काढणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं, प्रायव्हेट डिप्लोमाला फी जास्त असंल तर गोष्ट वेगळी.

भाऊ म्हणतो हे सगळं सोडून डायरेक्ट कंपनीत अप्रेंटिस लागतो, वाळूजच्या एमआयडीसीत मित्र आहे. लाग म्हणलं, पण हिशोब कर. २०१९ च्या नियमानं दहावीवाल्याला कमीत कमी ६ हजार, आयटीआय पास झालेल्याला ७ हजार स्टायपेंड. फरक हजाराचाच दिसतो, पण दोन वर्षांचा आयटीआय हातात असला तर डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, दहावीवर अप्रेंटिस केलं तर तो दरवाजा उघडत नाही. माझं मत आधी ट्रेड, मग अप्रेंटिस.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, होस्टेलला पोळी भेटती का भाकर. म्हणलं मावशी, ते तोच जाऊन सांगंल, तू आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढ आणि बँकेत जाऊन त्याचं आधार कोणत्या खात्याला लिंक आहे ते बघून ये.